सातासमुद्रापारच्या नातवाचं बारसं

पुण्याला परतल्यावर आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "काय हो सुमतीबाई, तिकडे खायला नीट मिळालं का?" मी म्हटलं, बायांनो, माझ्या पोलक्याकडे बघा आणि तुम्हीच काय ते ठरवा. दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात आला. "तिकडे म्हणे दगडाचं बारसं केलंत?" ही बातमी माझ्याआधी पुण्यात कशी पोचली ते देव जाणे. पण पोचलीच आहे, तर आता तिखटमीठ लागायच्या आत खरं काय घडलं ते मीच सांगते. हो, केलं. आणि आत्याचा मान माझा होता.

बेकरसाहेब आणि डोराबाई तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत नसतील. अमेरिकेतल्या कुठल्याशा बर्फाळ प्रांतातलं हे जोडपं. साहेब, म्हणजे बाईंचे विल, जन्मभर शाळामास्तर, बाई दवाखान्यात नर्स. पेन्शन घेतल्यावर माणसं आरामखुर्ची शोधतात. यांनी साठी उलटल्यावर मिशनला कळवलं की आम्हाला दोन वर्षं कुठंही पाठवा. मिशननं पाठवलं साताऱ्याला. त्यातलं एक वर्ष सरलं होतं. साहेब गावोगावच्या मंडळ्यांना भेटी देत, आणि डोराबाई सांगलीच्या पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात, कवठे महांकाळच्या आसपासच्या वाड्यांवर, बाळंतिणींना आणि तान्ह्या मुलांना बघत फिरत.

मला बोलावलं होतं बायकांचे वाचनवर्ग घ्यायला. शाळेतून नाताळच्या सुट्टीला जोडून रजा काढली आणि गेले. गेल्यावर कळलं की माझं खरं काम वेगळंच आहे. डोराबाई मराठी शिकल्या होत्या, पण पुस्तकातून. "आपली प्रकृती कशी आहे?" असं त्या विचारत, आणि समोरची बाई "लय ब्येस हाय बगा" म्हणाली की गोंधळून माझ्याकडे बघत. म्हणजे मी मराठीचं मराठीत भाषांतर करणार! बत्तीस मुलींचा वर्ग सांभाळणारी मी, पण असली कसरत जन्मात केली नव्हती.

*सातारा, शुक्रवार*

संध्याकाळी बंगल्यावर तार आली. अमेरिकेत त्यांच्या मुलीला, रूथला, मुलगा झाला होता. दोघंही सुखरूप. बस्स, एवढंच. नाव नाही, गाव नाही.

मी पदर खोचला आणि तडक बाजारात जाऊन कंदी पेढे घेऊन आले. मुलगा झाला आणि साताऱ्यात पेढे वाटले नाहीत, तर राहायचं कशाला साताऱ्यात? साहेबांना इतका आनंद झाला होता की त्यांनी माळ्याला, पोस्टमनला आणि चुकून आलेल्या एका विमा एजंटालाही पेढा दिला. डोराबाई "छान झालं" म्हणाल्या, हसल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी डोकावले तर आधण उतू जाऊन स्टो विझला होता, आणि बाई त्याच्याकडे बघत उभ्या होत्या. मी स्टो पुन्हा पेटवला. आपल्याकडे अशा वेळी बाई ओरडून तरी मोकळी होते. त्यांच्याकडे कसं असतं ते मला ठाऊक नव्हतं.

*रहिमतपूरवरून पुढे, शनिवार*

रविवारची उपासना पूर्वेकडच्या एका वाडीवर होती, म्हणून सकाळीच जीप काढली. साहेब स्वतः चालवतात. त्यांच्या शेजारी बसायचं म्हणजे प्रार्थनेची आपोआप सवय लागते.

रहिमतपूरच्या अलीकडे उसाच्या फडाला लागून गुऱ्हाळ चालू होतं. गोड वास नुसता दरवळत होता. एक मिशाळ गृहस्थ रस्त्यात मधोमध उभे राहिले आणि त्यांनी हात आडवा केला. पलटणीतून हवालदार होऊन आलेले, आता उसाचे मालक.

"साब, फुडं रस्ता बंद हाय."

"का बरं?" साहेबांनी विचारलं.

"रस पेल्याबिगार रस्ता खुला व्हत न्हाई. ऑर्डर हाय!"

ऑर्डर मोडायची कुणाची छाती? आलं-लिंबू घातलेला रस झाला, पळसाच्या पानावर ऊन ऊन गूळ झाला, त्यावर भाजलेल्या शेंगा झाल्या. साहेब उकळती काहील बघायला वाकले आणि वाऱ्यानं त्यांची हॅट उडवली ती थेट काहिलीच्या काठावर. गुळव्यानं लांब दांड्यानं ती शिताफीनं बाजूला ओढली म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशीच्या ढेपांना अमेरिकन चव आली असती. पण कड काकवीत बुडालीच. साहेबांनी ती तशीच घातली, आणि कराडपर्यंत माशा आमच्या सोबतीला होत्या. मी हसून हसून बेजार. साहेबही हसत होते. डोराबाई मात्र खिडकीतून बाहेर बघत होत्या.

कराड मागं पडल्यावर जीपचं चाक पंक्चर झालं. साहेब शर्टाच्या बाह्या सरसावून कामाला लागले, आणि आम्ही दोघी लिंबाच्या सावलीत बसलो. मी सहज म्हटलं, "रूथची आठवण येत असेल नाही?" तेवढंच निमित्त झालं.

"सुमती," त्या इंग्रजीत, अगदी हळू म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलींजवळ बाळंतपणात उभी राहिले. माझ्या मुलीची वेळ आली, तेव्हा मी तिथे नव्हते. मला घरी जायचंय. थोडे दिवस का होईना."

"मग जा की! मिशन काही नाही म्हणणार नाही."

"मिशन नाही म्हणणार नाही. विल म्हणेल. आपण दोन वर्षांचा शब्द दिलाय, म्हणेल. आणि त्याचंही खरंच आहे. या वाड्यांमधल्या बायका माझी वाट बघतात. मी गेले तर त्यांना सोडून पळाल्यासारखं होईल."

खरं सांगू? मलाही तेव्हा तसंच वाटलं. आपल्याकडे माणसं येतात, कौतुक करून घेतात आणि उन्हाळा लागला की निघून जातात. ही बाई टिकली होती. ती गेली तर परत येईल कशावरून? मी तसं बोलले नाही, पण "थांबा" असं माझा चेहरा म्हणाला असणार. डोराबाईंनी डोळे पुसले आणि "विलला सांगू नकोस" म्हणून उठल्या. तोवर चाक बसलं होतं.

*वाडीवर, रविवार*

मिरज सोडून पूर्वेला निघालं की ऊस संपतो. मग नुसता माळ, मेंढरांचे कळप आणि लांबवर पसरलेली शाळूची रानं. दुष्काळात याच बायका खडी फोडायला गेल्या होत्या. आता दोन सुग्या बऱ्या झाल्यात, म्हणून सगळ्यांच्या बोलण्याला जरा तकाकी आलेली. थंडी मात्र अशी की पुण्याची थंडी तिच्यापुढं पाणी भरेल. लोक वाकळा पांघरूनच उपासनेला आलेले.

देऊळ म्हणजे भिंतीवर क्रूस टांगलेली एक खोली, शेणानं सारवलेली. पण भजन काय रंगलं! ढोलकीवर याकूब नावाचा दांडगा तरुण होता. आमच्या पुण्याच्या देवळात पेटीवाला हळूच सुरू करतो आणि लोक खोकत उभे राहतात. इथं ढोलकीवर पहिली थाप पडली आणि भिंतीवरची पाल पळाली. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. कुणाला सांगू नका.

मग साहेबांचा उपदेश झाला. विषय होता दिलेला शब्द. माणसानं शब्द दिला की तो पाळावा, मध्येच हात काढून घेऊ नये, असं ते आपल्या शुद्ध, इस्त्री केलेल्या मराठीत सांगत होते. बिचाऱ्यांना कल्पनाही नव्हती. माझ्या शेजारी डोराबाई मांडीवरच्या हातांकडे बघत बसल्या होत्या. मला वाटलं, झालं, आता ही बाई कधीच तोंड उघडणार नाही.

उपासना सुटली. पुरुषमंडळी लिंबाखाली बसली, आणि आम्ही बायका तानूआजीच्या अंगणात. तानूआजी म्हणजे याकूबची आई. दिसायला मूठभर, पण साऱ्या वाडीवर तिचा दरारा. तिनं आधी आम्हाला हुलग्याचं माडगं पाजलं, लसणाची फोडणी घातलेलं, घसा शेकून निघाला. मग बाजरीची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा. डोराबाईंना लहानपणापासून ताट चाटून पुसून स्वच्छ करायची शिकवण. आणि इथं ताट रिकामं दिसलं की वाढायची रीत. दोघींमध्ये अर्धा तास मूक लढाई चालली. शेवटी मी बाईंच्या ताटावर माझा हात आडवा धरला, तेव्हा कुठं सुटका.

जेवण झाल्यावर तानूआजीनं पानाची चंची काढली आणि चौकशी सुरू केली.

"बाई, लेकरं किती तुमास्नी?"

"दोन. एक मुलगा, एक मुलगी."

"लेकीला काय हाय?"

डोराबाईंचा चेहरा उजळला. "मुलगा झाला. आताच. परवा तार आली."

अंगणात एकच कल्ला उडाला. कुणी कानशिलावर बोटं मोडली, कुणी "आजी झाल्या गं बाई!" म्हणून त्यांचा हात धरला. तानूआजीची सून सरजा, याकूबची बायको, तिच्या मांडीवर तीन महिन्यांचं पोर होतं. तीही हसत सुटली. हे पोर डोराबाईंच्याच हातचं.

तानूआजी मात्र हसता हसता थांबली. "पयलं का?"

"हो, पहिलं."

"पयलं बाळातपण. आन् तुमी हितं काय करताय?"

या खेपेला मला भाषांतर करावं लागलं नाही. बाईंना सगळं समजलं. त्या म्हणाल्या, "मी तुमच्याकडे आले आहे."

"आमच्याकडं? आमी काय पळून चाललूय व्हय? पयलं बाळातपण आईनं करायचं असतंय. मग लेकीला न्हाऊमाखू कोन घालतंय? शेकशेगडी कोन करतंय?"

डोराबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मला आजीचा असा राग आला म्हणून सांगू! मी काही बोलणार, इतक्यात आजीच उठली. तिचाही चेहरा उतरला होता. पण ती "चुकलं बाई" म्हणणाऱ्यांतली नाही. ती काम काढणाऱ्यांतली आहे.

"सरजे, पोराला काखंला मार आन् पाळना मोकळा कर. वरवंटा धू. आन् टोपरं आन त्याचं, नवं."

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात निजवतात, बाळ त्याच्यासारखं टणक व्हावं म्हणून. मी ते लहानपणी शेजारच्यांकडे पाहिलं होतं. पण नुसत्या वरवंट्याचं, बाळाशिवाय बारसं, हे मी तरी कधी ऐकलं नव्हतं. बघता बघता वरवंटा धुतला गेला, तेल चोळलं गेलं, दुपट्यात गुंडाळून वर लाल टोपरं चढलं. देवळाचे पाळक, म्हणजे तिथले पाद्री, तरुण आणि भित्रे, ते पाणी मागायला आले होते. त्यांची तर बोबडीच वळली.

"अहो मास्तरीणबाई, धोंड्याला टोपरं! साहेबांनी पाहिलं तर काय म्हणतील? आम्ही अजून दगडधोंडे पूजतो असंच वाटेल त्यांना!"

पण तानूआजी फणकारली. "देव कोन करतंय त्याला? पोरगं लांब हाय म्हून धोंडा घेतला. जवळ असतं तर घेतला असता व्हय?" आणि तिनं वरवंटा उचलून डोराबाईंच्या हातात दिला. "घ्या. नातू तुमचा."

एवढ्यावर सगळे हसले असते तर तो खेळच झाला असता. पण डोराबाईंनी तो घेतला, आणि त्यांचा एक तळवा आपसूक त्याच्या टोपऱ्याखाली गेला. मान सावरायला! चाळीस वर्षांची सवय. ते सगळ्या बायकांनी पाहिलं, आणि कुणीच हसलं नाही.

मग बाईंनी त्याला पाळण्यात ठेवलं, दोरी हातात घेतली, आणि तानूआजीनं तिथल्या तिथं जुळवून गाणं म्हटलं :

सात समिंदरापल्याड पाळना,
आजीला हितनं हात पुरंना,
वारं बाई वारं, तू दे गं झोका,
जो बाळा जो जो रे जो.

"आता नाव! आत्या कोन?" बायका इकडेतिकडे बघायला लागल्या आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर थांबले. बिनलग्नाची, पाच भाचरांची आत्या, आणखी कुठली शोधायची? मला पाळण्याशी ढकललं.

"पण नाव काय ठेवलंय ते तारेत नाही," मी म्हटलं.

"त्ये कागदावरचं त्येंचं ते ठिवतील. आपुन पाळन्यातलं ठिवू. सांगा कानात."

वरवंट्याला कान कुठे असतो? मी वाकले, टोपऱ्याची कड उचलली आणि मनात पहिलं आलं ते नाव सांगितलं : शांतवन. दुःखी माणसाला दिलेला धीर. आपल्या मंडळीत घरटी एक शांतवन असतो, पण त्या दिवशी ते नाव मला अगदी नवं कोरं वाटलं. डोराबाईंनी ते ऐकलं आणि त्याही पुटपुटल्या, "शांतवन." तेवढ्यात "कुर्रर्र" करून माझ्या पाठीत जे धपाटे बसले, बायांनो, खडी फोडलेले हात ते! अजून दुखतंय.

त्या गलक्यानं साहेब आले. मागोमाग पुरुषमंडळी. पाळकांनी डोळेच मिटून घेतले. साहेब उंबऱ्याशी थांबले, पाळण्याकडे बघितलं, टोपऱ्यातल्या दगडाकडे बघितलं, रडलेल्या बायकोकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"नातू," तानूआजी म्हणाली. जशी काही रोजचीच गोष्ट.

साहेबांनी जोडे काढले, पाळण्यापाशी मांडी घालून बसले, त्यांना मांडी घालायला किती त्रास होतो ते मी पाहिलं आहे, आणि त्या शुद्ध मराठीत म्हणाले, "मी आजोबा आहे. कृपा करून मला द्या."

वरवंटा त्यांच्या मांडीवर गेला. आणि डोराबाईंनी, सगळ्यांच्या देखत, इतके दिवस अडलेलं ते एक वाक्य सांगून टाकलं. मला घरी जायचंय, विल.

साहेबांनी मान वर केली नाही. दगडावरचं दुपटं नीट करत ते इंग्रजीत काहीतरी हळू बोलले.

"काय म्हंत्यात सायेब?" तानूआजीनं मला विचारलं.

सांगू की नको? काल लिंबाखाली मी साहेबांच्याच बाजूची होते. पण टोपऱ्याखाली गेलेला तो तळवा पाहिल्यापासून माझी बाजू मला सापडेना. मी जसंच्या तसं सांगितलं. "साहेब म्हणतात, मलाही तिला पाठवावंसं वाटतं. पण आम्ही दोन वर्षांचा शब्द दिलाय."

"कुनाला दिला?"

"तुम्हाला."

"आमाला?" तानूआजीनं पान थुंकलं. "मग आमीच सोडतो की! काय गं बायांनो, सोडला का?"

"सोडला!" अख्खं अंगण ओरडलं. सरजाचं पोर दचकून रडायला लागलं. सरजा त्याला थोपटत म्हणाली, "आमी सोडला बाई. तुमी जावा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. यावर भाषांतर लागणार नाही असं मला वाटलं होतं, पण मी केलं.

"पर सव्वा म्हैना," तानूआजी बोट नाचवत म्हणाली. "सव्वा म्हैना लेकीपाशी ऱ्हावा, तिला उठून बसवा, आन् परत या. त्येस्तवर सायेब हितंच. तारन म्हून."

"तारण म्हणजे?" साहेबांनी मला विचारलं. मी सांगितलं, उपदेशातलं तारण नव्हे, कर्जापोटी गहाण ठेवतात ते. साहेब इतके हसले की मांडीवरचा नातू गडगडत खाली गेला, आणि चार बायकांनी "आगं आगं, डोकं!" म्हणून त्याला झेलला.

मग काय, निघेपर्यंत बाळंतविडा गोळा झाला. हळीव, डिंक, घरच्या तुपाची लोटी, एक छोटी वाकळ. कुणी काय दिलं ते सांगत बसत नाही. ज्यांनी दिलं त्यांना ते आवडणार नाही. साहेबांच्या जेवणाचे वारही तिथंच लागले. कुठल्या दिवशी कुणाकडे, यावरून दोघी जावा भांडल्यासुद्धा.

*मिरज, सोमवार*

परवानगी आणि तिकिटाची व्यवस्था पुण्यामुंबईलाच व्हायची, म्हणून डोराबाई माझ्याबरोबर गाडीनं निघाल्या. साहेब पोचवायला स्टेशनवर आले. त्यांच्या पाठोपाठ याकूबही आलेला. कशाला, ते काही मला कळेना. सामान चढवलं, पाणी आणून दिलं, तरी तो काही हलेना. साहेबांच्या कोपराशी उभा.

गाडीनं शिट्टी दिली. साहेब खिडकीला धरून उभे होते, बायकोशी काय बोलत होते देव जाणे, पण चाळीस वर्षांच्या संसारात एवढं बोलले नसतील. गाडी हलली. साहेब चालायला लागले, मग पळायला लागले. त्यांचा एक हात खिडकीच्या गजावर होता आणि दुसरा डब्याच्या दांड्याकडे गेला. आता चढतात की काय असं मला वाटलं. डोराबाईही हात पुढं करून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात याकूबनं मागून त्यांच्या कमरेला मिठी घातली आणि त्यांना अलगद फलाटावर उभं केलं.

"सायेब," तो धापा टाकत म्हणाला, "तुमी न्हाई. तुमी आमचं."